मॅसोनियाचा हिवाळा

दक्षिण आफ्रिकेच्या शुष्क नामाक्वालँडात वाढणारा ‘मॅसोनिया डिप्रेसा’ हा लहान कंद १७७२ साली केपला आलेल्या फ्रान्सिस मॅसन ह्या क्यू उद्यानाच्या वनस्पतिसंग्राहकाचे नाव धारण करतो. त्याची दोनच मांसल पाने जमिनीवर सपाट पसरतात.

‘हिवाळ्यात पाणी द्यावे’ ही लागवडीची सूचना मात्र अर्थ पारखून वाचावी लागते. तेथे जून ते ऑगस्टमध्ये थंडी व पाऊस एकत्र येतात. महाराष्ट्रात तेव्हा पाऊस असला तरी उष्मा असतो, आणि भिजलेला निद्रिस्त कंद कुजतो. सूचनेतील ‘हिवाळा’ हा शब्द महिन्यांचा नव्हे, तर थंडी व ओल ह्यांच्या संयोगाचा वाचक होय. म्हणून पावसाळ्यात कुंडी आडोशास कोरडी ठेवावी. रेताड मातीतील कंदास कार्तिकात, रात्री थंडावू लागल्यावर, पाणी द्यावे व पाने पिवळी पडू लागताच ते थांबवावे.