थांब्यांतला वेग

चर्चगेटला रूळ संपतात. लोकलचे चार फलाट आणि प्रत्येक रुळाच्या टोकाला एक बफर. संध्याकाळी सहाच्या सुमारास तिथे उभे राहून एक कल्पना करून पाहा. विरारहून आलेल्या गाडीला पुढे इंजिन लावलेले आहे. गाडी बफरपाशी येऊन थांबली की ते इंजिन बफर आणि डबे यांच्यामध्ये अडकले. आता दुसरे इंजिन मागच्या टोकाला आणायचे, जोडायचे, ब्रेक तपासायचे, डबे ओढून बाहेर काढायचे, तेव्हा कुठे पहिल्याची सुटका. तोवर मागे गाड्यांची रांग लागलेली असेल.

प्रत्यक्षात गाडी येते, उतरणारे उतरण्याआधीच चढणारे आत शिरतात, काही मिनिटांत गार्डची घंटी दोनदा वाजते आणि तीच गाडी उलट दिशेने निघते. गार्डची केबिन आता मोटरमनची झालेली असते. बाकी काहीच बदलावे लागत नाही, कारण या गाडीला वेगळे इंजिनच नाही.

रेल्वेच्या भाषेत हिला ईएमयू म्हणतात, म्हणजे इलेक्ट्रिक मल्टिपल युनिट. आपण नुसते लोकल म्हणतो. तिची ताकद पुढे एका जागी नसते, डब्यांखाली वाटलेली असते. बारा डब्यांच्या नेहमीच्या लोकलमध्ये तीन-तीन डब्यांचे चार गट जोडलेले असतात आणि प्रत्येक गटात एक मोटर कोच असतो. ज्या डब्यावर पेंटोग्राफ दिसतो आणि ज्याच्या एका भागात जाळीच्या झडपांमागे विजेची यंत्रे बसवलेली असतात, तो हा डबा. त्याच्या चारही आसांवर मोटारी असतात. इंजिनाची गाडी बैलगाडीसारखी असते, बैलांनी ओढायचे आणि बाकी सगळ्यांनी बसून जायचे. लोकल ही दिंडी आहे. जो तो आपापल्या पायांनी चालतो, पण सगळे एका ठेक्यात.

हा ठेका धरायचा कसा, हाच खरा प्रश्न होता. अनेक मोटारी एकाच वेळी, एकाच जोराने चालल्या नाहीत तर डबे एकमेकांना हिसके देतील. उत्तर शोधले फ्रँक स्प्रेग या अमेरिकी अभियंत्याने. काही काळ एडिसनकडे काम केलेला आणि पुढे विजेच्या लिफ्टच्या व्यवसायात शिरलेला हा माणूस. लिफ्टच्या नियंत्रणाचा विचार करताना त्याला सुचले की मोटारीचा सगळा प्रवाह चालकाच्या हाताखालून न्यायची गरजच नाही. प्रत्येक डब्यात स्वतःचा नियंत्रक बसवा आणि गाडीभर फक्त एक बारीक तारांची जोडणी फिरवा. चालकाने हँडल फिरवले की त्या तारांतून जाईल ती फक्त आज्ञा. ताकद प्रत्येक डबा आपापली घेईल. शिकागोच्या साउथ साइड एलिव्हेटेड या उन्नत रेल्वेसाठी त्याने ही पद्धत उभी केली आणि जुलै १८९७ मध्ये स्केनेक्टडी येथे चाचणी घेतली. सहा डब्यांची ती गाडी त्याने आपल्या दहा वर्षांच्या मुलाला चालवायला दिली. पद्धत किती सोपी आहे हे दाखवायला याहून चांगला पुरावा मला सुचत नाही.

मुंबईत ही कल्पना ३ फेब्रुवारी १९२५ रोजी आली. तेव्हाच्या व्हिक्टोरिया टर्मिनसपासून हार्बर मार्गाने कुर्ल्यापर्यंत चार डब्यांची विजेची गाडी धावली. गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. भारतातली ही पहिली विजेवरची रेल्वेगाडी. म्हणजे आपल्याकडे विजेची रेल्वे सुरू झाली तीच मुळी इंजिनाशिवाय.

लोकल वेगवान आहे असे आपण म्हणतो, तेव्हा नेमके काय म्हणतो? ताशी शंभर-सव्वाशे किलोमीटर तर मेलगाड्याही धावतात. लोकलचा कस लागतो तो स्थानकातून सुटताना. एक साधा हिशेब करू. समजा गाडीला ताशी ८० किलोमीटरचा वेग गाठायचा आहे. दर सेकंदाला तिचा वेग सेकंदाला अर्ध्या मीटरने वाढत असेल, तर ४५ सेकंद लागतील आणि तेवढ्यात ती सुमारे ५०० मीटर जाईल. वेगवाढ याच्या निम्मी असेल, तर दीड मिनिट लागेल आणि अंतर लागेल एक किलोमीटर. मुंबईत दोन स्थानकांमधले अंतर पुष्कळ ठिकाणी जेमतेम एक-दीड किलोमीटर आहे. दुसऱ्या गाडीला वेग सापडेपर्यंत ब्रेक लावायची वेळ येईल. ती ताशी १६० ने धावू शकते या गोष्टीचा तिथे काडीचा उपयोग नाही.

मग इंजिनच अधिक ताकदीचे का करू नये? इथे अडतो तो रूळ. पोलादी चाक पोलादी रुळावर फार थोड्या जागेत टेकते आणि घर्षण बेताचेच असते. रूळ कोरडा असला तरी चाकावरच्या वजनाच्या साधारण चौथ्या हिस्स्याइतकीच ओढ मिळते, पावसात त्याहून कमी. डब्ल्यूएपी-७ हे आपल्याकडचे नेहमीचे प्रवासी इंजिन १२३ टनांचे आहे, म्हणजे त्याची ओढ तीस टनांच्या आसपास. मोटार कितीही मोठी बसवा, त्यापुढे चाक जागच्या जागी गरगरणार. लोकलमध्ये मात्र मोटारी प्रवाशांच्या डब्यांखालीच असल्याने डब्याचे आणि माणसांचे वजनही पकडीच्या कामी येते. सकाळच्या गर्दीत मोटर कोचात आपण अंग चोरून उभे असतो, तेव्हा ओढायचे वजन वाढलेले असते, पण चाकांची पकडही वाढलेली असते. गर्दीबद्दल सांगण्यासारखी एवढीच एक चांगली गोष्ट.

या मांडणीची एक किंमतही आहे. मोटारी चाकांच्या उंचीवर असल्याने रुळांवर पाणी चढले की त्या धोक्यात येतात. जुलैच्या मुसळधार पावसात लोकल थांबतात त्यामागचे हे एक कारण आहे.

जुन्या रेकांना १,५०० व्होल्टची एकदिश वीज लागे. अशा विजेवरच्या मोटारी सुरुवातीला जोर चांगला लावतात आणि त्या काळी त्यांना आवरणे सोपे होते. अडचण होती तारेची. समजा एका गाडीला ३,००० किलोवॅट हवेत. १,५०० व्होल्टला त्यासाठी २,००० अँपिअर वाहावे लागतात, २५,००० व्होल्टला फक्त १२०. तारेत वाया जाणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे तेवढ्याच तारेत हा फरक अडीचशे पटींहून अधिक. म्हणून मुंबईची उपनगरी रेल्वे टप्प्याटप्प्याने २५,००० व्होल्टच्या प्रत्यावर्ती विजेवर नेली गेली आणि २०१६ मध्ये हार्बर मार्गावर हे काम पुरे झाले. मधल्या वर्षांत २००७ पासून आलेले नवे रेक दोन्ही विजांवर चालत. रोजची वाहतूक सुरू ठेवून एका शहराच्या रक्तवाहिन्या बदलण्याचे हे काम होते. त्याचे पुरेसे कौतुक झाले नाही असे मला मनापासून वाटते.

याच नव्या रेकांनी लोकलचा आवाज बदलला. गाडी सुटताना मोटर कोचाखालून चढत जाणारा सूर येतो, मध्येच तुटतो आणि पुन्हा खालून सुरू होतो. आतली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा मोटारीला हवी तशी वीज घडवण्यासाठी सेकंदाला शेकडो वेळा प्रवाह जोडते आणि तोडते. वेग वाढतो तशी ती या तोडजोडीची लय बदलते आणि तीच आपल्या कानावर येते. जुन्या गाडीत ही सोय नव्हती. तिथे रोधक एकेक करून वगळले जात आणि बरीचशी वीज नुसती तापण्यात जाई.

ब्रेक लावताना तर नव्या रेकची मोटार उलटे काम करते. चाके तिला फिरवतात, ती जनित्र होते आणि वीज वरच्या तारेत परत जाते. दादरला थांबणाऱ्या गाडीची वीज त्याच वेळी परळहून सुटणारी गाडी घेऊ शकते. जितके थांबे अधिक तितकी ही परतफेड अधिक.

वाटून घेतलेल्या ताकदीचा खरा पराक्रम पाहायचा तर घाटात जावे. कर्जतला पुण्याच्या गाड्या थांबतात तेव्हा आपण वडापाव घेतो आणि मागे बँकर इंजिने जोडली जातात. भोर घाटाचा चढ ३७ ला १ आहे. ३७ मीटर पुढे गेले की एक मीटर वर. पुढच्या इंजिनाला हे वजन एकट्याने ओढवत नाही, म्हणून मागून ढकलायचे. १० फेब्रुवारी २०२३ पासून मुंबई-सोलापूर वंदे भारत याच घाटातून बँकरशिवाय जाते. तिच्या डब्यांपैकी निम्म्यांखाली मोटारी आहेत. दिसायला कितीही निराळी असली तरी ती लोकलचीच मोठी बहीण आहे.

मला मात्र या घराण्यातल्या मधल्या बहिणीची काळजी अधिक वाटते, मेमूची, म्हणजे मेनलाइन ईएमयूची. दिवा-रोहा, वसई-दिवा-पनवेल, भुसावळ-इगतपुरी अशा मार्गांवर ती धावते. दर पाच-दहा किलोमीटरला थांबणाऱ्या गाडीला हीच रचना शोभते. ताशी शंभरचा वेग गाठताना इंजिनाच्या पॅसेंजरपेक्षा दर थांब्यामागे अर्धे मिनिट वाचले, तरी वीस थांब्यांत दहा मिनिटे होतात. शेवटच्या स्थानकात इंजिन फिरवण्याचा वेळ वाचतो तो वेगळाच. त्यामुळे त्याच रेकच्या फेऱ्या वाढवता येतात. कॉलेजची मुले, भाजीवाल्या, न्यायालयात तारखेला जाणारी माणसे, यांना ताशी १६० चा वेग नको असतो. त्यांना तासाभरात पुढची गाडी हवी असते.

पण गाडी चपळ असून भागत नाही, तिला रूळ मोकळा मिळावा लागतो. वसई-दिवा मार्गावरून बंदराकडे जाणाऱ्या-येणाऱ्या मालगाड्यांची मोठी वाहतूक चालते. पुढे लांबलचक मालगाडी असली की मेमूची सगळी वेगवाढ सिग्नलपाशी उभी राहते. डोंबिवलीजवळच्या कोपर स्थानकावर हे डोळ्यांनी दिसते. तिथे लोकलचा मार्ग आणि हा मार्ग एकमेकांना ओलांडतात. खालच्या फलाटावर दर काही मिनिटांनी लोकल येते आणि जाते. जिना चढून अप्पर कोपरला गेले, की त्याच जातीच्या गाडीसाठी माणसे सावली बघून बसलेली असतात आणि समोरून वाघिणींमागून वाघिणी जात असतात.