आईची वाटी आणि गोजीची फळे

यंदा आमचा भाचा चीनहून आला तो आपल्या आजीसाठी एक पुडके घेऊनच. आत होती लहान, सुरकुतलेली, तांबडीलाल फळे. "आजी, रोज मूठभर खायची. प्रतिकारशक्ती वाढते, पोट ठीक राहते!" आईने लगेच वाटी पुढे केली.

मी मराठीचा अध्यापक. 'वाढते' आणि 'वाढू शकते' यांतले अंतर मुलांना समजावण्यात माझी निम्मी नोकरी गेली. तेव्हा ती वाटी बाजूला ठेवून मी चार दिवस वाचन केले.

ही गोजीची फळे. गोजी वांगी-टोमॅटोच्या कुळातली. वायव्य चीनमधला निंगशिया हा पीत नदीकाठचा प्रांत तिच्यासाठी प्रसिद्ध आहे. ली शिझेन या वैद्याच्या १५९६ साली छापलेल्या औषधिग्रंथातही ती आहे. पण चिनी गृहिणी ती चहात, कोंबडीच्या रश्शात आणि भाताच्या पेजेत सहज टाकते, आपण शिऱ्यात बेदाणे टाकतो तशी.

आता शास्त्र काय सांगते? गोजीतल्या काही गुंतागुंतीच्या शर्करा आपल्याला पचत नाहीत. त्या मोठ्या आतड्यात पोचतात आणि तिथल्या जिवाणूंचे अन्न होतात. त्यातून ब्यूटिरेटसारखी द्रव्ये तयार होतात आणि आतड्याच्या अस्तराला त्यांचे पोषण मिळते. शरीराच्या संरक्षक पेशींची मोठी वस्ती आतड्याभोवतीच असते. पोटाचे आणि प्रतिकारशक्तीचे नाते जुळते ते इथे.

२०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात गोजी खाणाऱ्या उंदरांच्या पोटात ब्यूटिरेट बनवणारे जिवाणू वाढलेले आढळले. पण ते उंदीर होते! माणसांवरचा एक प्रयोग २०१२ सालचा. चीनमधल्या ६५ ते ७० वर्षांच्या १५० निरोगी माणसांपैकी काहींना तीन महिने गोजी घातलेली दुधाची भुकटी रोज १३.७ ग्रॅम दिली, काहींना बिनगोजीची. इन्फ्लुएन्झाची लस टोचल्यावर गोजीवाल्यांच्या रक्तात प्रतिपिंडे अधिक निघाली. तेवढ्याने त्यांची आजारपणे कमी झाली असे मात्र म्हणता येत नाही. म्हणजे वाचकहो, क्रियापद 'शकते' हेच खरे.

एवढ्यावर मी वाटी आईला परत दिली असती. पण वाचता वाचता एका नोंदीवर अडखळलो. वॉरफरिन हे रक्त न गोठू देणारे औषध घेणाऱ्या काही रुग्णांनी गोजीचा चहा किंवा रस घेतला, आणि त्या औषधाचा परिणाम धोक्याच्या पातळीपर्यंत वाढला. काहींना रक्तस्रावही झाला. आमच्या आईच्या हृदयाची झडप बदललेली आहे. तेच औषध ती रोज रात्री घेते!

डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, "इतरांनी खुशाल खावी. आईंना एक दाणाही नको."

भाच्याचा चेहरा उतरला. बिचाऱ्याने प्रेमानेच आणली होती. मी त्याला समजावले, आतड्यातले जिवाणू काही चिनीच फळ मागत नाहीत. ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, केळे यांतल्या चोथ्यावरही ते पोसतात.

आई ऐकत होती. म्हणाली, "म्हणजे माझ्या पोटातल्या पाहुण्यांना आपली मटकीही चालते ना? मग वाढा उसळ!"

आणि तिने तीच वाटी पुढे केली.