दोन यंत्रं आणि एक अंगठा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

'टीव्ही गेम' हे शब्द कानावर पडले की आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या पुष्कळांच्या डोक्याआधी अंगठ्यांना काहीतरी आठवतं. १९९०च्या दशकात गल्लीत एखाददुसऱ्या घरी तरी ते यंत्र असायचं. समुराई, मीडिया, लिटल मास्टर अशी त्यांची नावं. वरच्या खाचेत कॅसेट घालायची. चित्र आलं नाही तर ती काढून फुंकर मारायची आणि पुन्हा घालायची. कॅसेटवर '९९९९ इन वन' असं ठळक छापलेलं असे. मोजायला बसलं की खेळ निघत मूठभर, तेच नाव बदलून पुन्हा पुन्हा आलेले. हिशेबाची ही पद्धत अजून गेलेली नाही. तिच्याकडे मी पुढे येणार आहे.

ही सगळी यंत्रं म्हणजे जपानच्या निन्टेंडो कंपनीनं जुलै १९८३मध्ये बाजारात आणलेल्या फॅमिकॉमच्या नकला. मूळ यंत्र आपल्यापैकी फार थोड्यांनी पाहिलं. तरी मारिओ आणि काँट्रा आपल्याकडे आले आणि राहिले. आता तेच खेळ तळहातावर मावणाऱ्या छोट्या यंत्रांवर खेळता येतात. ती यंत्रं ढीगभर आहेत, आणि घेणाऱ्याची पंचाईत तिथेच होते. आज मी त्यांतल्या दोनांबद्दलच बोलणार आहे. एक मियू कंपनीचं 'मिनी प्लस', दुसरं अँबर्निक कंपनीचं 'आरजी ३५ एक्सएक्स एच'. दोन्ही चिनी, दोन्ही साडेतीन इंची पडद्याची. पहिलं २०२३चं, दुसरं २०२४च्या सुरुवातीचं. त्यानंतर दोन्ही कंपन्यांनी नवी मॉडेलं काढली आहेत, पण निवडताना विचारायचे प्रश्न तेच राहतात.

कविता लिहिणाऱ्या माणसाला हा उद्योग कुणी सांगितला, असं तुम्ही विचाराल. सांगतो. माझ्या धाकट्या भावाला दोन वर्षांपूर्वी उजव्या अंगावरून वारं गेलं. टेम्पो चालवणारा माणूस, हात आणि डोळा यांचाच त्याचा धंदा. पाय बऱ्यापैकी सावरला, जीभ हळूहळू सैल झाली, पण उजवा अंगठा मागे राहिला. एके दिवशी चहा पिताना तो एकच शब्द बोलला, 'काँट्रा'. त्याची मुलगी कॉलेजात आहे. तिनं मोबाइलवर शोधून ही दोन यंत्रं काढली आणि मला म्हणाली, "बडे अब्बा, अब्बूसाठी यातलं कोणतं घ्यायचं ते तुम्ही सांगा." मग मी महिनाभर त्या विषयात बुडालो.

पहिली गोष्ट समजून घ्यावी लागते ती ही, की या छोट्या यंत्रात जुनं यंत्र नसतं. जुन्या फॅमिकॉमचा मेंदू सेकंदाला सुमारे १८ लाख ठोके देणारा, आणि कामापुरती स्मरणशक्ती अवघी २ किलोबाइट. त्या काळच्या कार्यक्रम लिहिणाऱ्यांनी खेळ लिहिले ते त्याच मेंदूच्या बोलीत. आजची चिप ती बोली जाणत नाही. म्हणून मध्ये एक दुभाष्या बसवावा लागतो. त्याला म्हणतात एम्युलेटर. मी उर्दूतून मराठीत थोडेफार अनुवाद केले आहेत. एखाद्या शब्दावर मी चार दिवस अडून बसलो तरी कुणाचं बिघडत नाही. या दुभाष्याला तशी सवलत नाही. खेळाचं चित्र सेकंदाला ६० वेळा बदलतं, म्हणजे एका चित्रासाठी त्याच्या हातात एका सेकंदाचा साठावा भाग. तेवढ्यात जुन्या मेंदूनं काय केलं असतं, चित्राच्या चिपनं काय रेखाटलं असतं, आवाज कसा निघाला असता, हे सगळं त्यानं सांगून मोकळं व्हायचं. एवढं काम करायचं तर नवी चिप जुनीपेक्षा कितीतरी पटींनी वेगवान लागते.

त्या मोजमापात दोन्ही यंत्रं आपल्या कामाला पुरून उरतात. मियूमध्ये दोन गाभ्यांची, १.२ गिगाहर्ट्झची चिप आणि १२८ मेगाबाइट स्मृती आहे. अँबर्निकमध्ये चार गाभे, १.५ गिगाहर्ट्झ आणि पूर्ण १ गिगाबाइट. कागदावर दुसरं पहिलवान दिसतं, आणि आहेही. पण काँट्रा हा अख्खा खेळ १२८ किलोबाइटचा. माझ्या मोबाइलमधला नातीचा एक फोटो त्याच्या कितीतरी पट मोठा भरतो. १९९४च्या पहिल्या प्लेस्टेशनपर्यंतचे खेळ मियू आरामात चालवतं. त्यापुढचे, म्हणजे १९९६चं निन्टेंडो ६४, १९९८चं ड्रीमकास्ट, हवे असतील तर अँबर्निक घ्यावं. तिथंही सगळे खेळ सुरळीत चालतीलच असं नाही. ज्याला मारिओ आणि काँट्राच खेळायचे आहेत त्यानं ताकदीसाठी पैसे मोजू नयेत.

पडद्याचं थोडं सविस्तर सांगतो, कारण इथं मला माझ्या धंद्यातली गोष्ट सापडली. दोन्हींच्या पडद्यावर आडवे ६४० आणि उभे ४८० ठिपके. फॅमिकॉमचं चित्र २५६ बाय २४०. दुप्पट केलं की ५१२ बाय ४८०, उंचीत नेमकं बसलं. जुन्या गेमबॉयचं चित्र १६० बाय १४४, तिप्पट केलं की ४८० बाय ४३२, तेही नीट. पण २००१च्या गेमबॉय ॲडव्हान्सचं चित्र २४० बाय १६०. ते पडदाभर ताणायचं म्हटलं तर एका ठिपक्याला पावणेतीनच्याही आत जागा येते. अर्धा ठिपका तर काढता येत नाही. मग कुणाला तीन मिळतात, कुणाला दोन. मात्रावृत्तात एखादी ओळ ओढूनताणून बसवावी आणि म्हणताना ती जशी लंगडावी, तसं ते चित्र सरकताना लंगडतं, कडा थरथरतात. पुष्कळांना हे दिसतही नाही. ज्याला दिसतं त्याला मग दुसरं काही दिसत नाही. त्याच खेळांचा शौक असेल तर ७२० बाय ४८० ठिपक्यांचा पडदा असलेलं यंत्र बघावं, तिथं तिप्पट अचूक बसते.

बाकी फरक पटकन सांगण्यासारखे आहेत. मियूला एक कार्डखाच, अँबर्निकला दोन. मियूची बॅटरी मागचं झाकण काढून बदलता येते, ही मला मोठी सोय वाटते. पाच वर्षांनी बॅटरी फुगली तर यंत्र टाकून द्यावं लागत नाही. मियूवर 'ओनियन' नावाची प्रणाली घालता येते. ती हौशी मंडळींनी फुकट तयार केलेली आहे, आणि बटण दाबून यंत्र बंद केलं की पुन्हा सुरू करताना खेळ जिथल्या तिथे उभा राहतो. अँबर्निकसाठीही 'म्यूओएस'सारख्या अशाच प्रणाल्या आहेत. दोन्हींना साधा ५ व्होल्टचा चार्जर लावावा, मोबाइलचा जलद चार्जर नको.

आता त्या '९९९९'च्या हिशेबाकडे येतो. विकणारे सांगतात, कार्डात १० हजार खेळ भरून देतो. ते खेळ त्यांच्या मालकीचे नसतात, आणि ज्या स्वस्त कार्डावर ते भरलेले असतात ते कार्डही फार दिवस टिकण्याच्या लायकीचं नसतं. एम्युलेटर बनवणं हा गुन्हा नाही. २००० साली सोनी आणि कनेक्टिक्स यांच्या खटल्यात अमेरिकेतल्या अपील न्यायालयानं कनेक्टिक्सच्या बाजूनं कौल दिला. खेळाची प्रत ही मात्र वेगळी बाब. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात, कलम ५२मध्ये, संगणकीय कार्यक्रमाची प्रत कायदेशीरपणे बाळगणाऱ्याला स्वतःपुरती राखीव प्रत करण्याची मुभा आहे. यात 'कायदेशीरपणे' हा शब्द आपली अडचण करतो. लहानपणीच्या आपल्या कॅसेटी मुळातच चोरीच्या होत्या! माळ्यावर ती कॅसेट सापडली तरी कायद्याच्या दृष्टीनं हाती काही लागत नाही.

हे बोलताना मला स्वतःचंही आठवतं. माझी कविता परवानगीशिवाय छापली तर मला राग येतो. आणि माझा पहिला संग्रह पंचवीस वर्षं कुठे मिळत नाही, याचं दुःख त्याहून मोठं आहे. खेळांचं तसंच आहे. अमेरिकेत २०२३मध्ये एक पाहणी झाली. २०१०पूर्वी तिथं निघालेल्या जुन्या खेळांपैकी ८७ टक्के आज रीतसर बाजारात मिळतच नाहीत, असं तीत आढळलं. विकतही द्यायचं नाही आणि जपूही द्यायचं नाही, हा न्याय मला पटत नाही. तरीही जे विकत मिळू शकतं ते विकत घ्यावं, या मताचा मी आहे. आमचा एक भाचा अमेरिकेत असतो. त्यानं १९८८च्या काँट्राची जुनी, अस्सल निन्टेंडोची कॅसेट विकत घेतली, कॅसेट वाचणाऱ्या छोट्या उपकरणानं तिची प्रत काढली आणि कॅसेटसकट पाठवली. एवढा खटाटोप सगळ्यांना जमणार नाही. त्यांच्यासाठी लेखकांनीच मोकळे ठेवलेले नवे खेळही आहेत. 'टोबू टोबू गर्ल' नावाचा २०१७चा गेमबॉयवरचा खेळ फुकट आहे, आणि छान आहे.

तर निवड. मिरजेत आमच्या शेजारी सतारी करणारे एक चाचा होते. गिऱ्हाईक आलं की ते सतार दाखवायच्या आधी त्याचा पंजा हातात घेऊन बघत. मीही भावाचा पंजा बघितला. मियू उभं यंत्र आहे, जुन्या गेमबॉयच्या वळणाचं. पडदा वर, बटणं खाली, तर्जनीची बटणं पाठीवर. खिशात टाकायला सुरेख. पण दोन्ही पंजांनी खालून धरावं लागतं. अँबर्निक आडवं. पडदा मध्ये, दोन्ही हात दोन बाजूंना, तर्जनी आपोआप वरच्या कडेवर येते. उशीवर टेकवलं की पेलावंही लागत नाही. शिवाय त्याला टीव्हीला जोडायची सोय आहे आणि ब्लूटूथवर बाहेरचे कंट्रोलर चालतात. मियूला या दोन्ही गोष्टी नाहीत. आणि काँट्रा हा दोघांनी मिळून खेळायचा खेळ आहे, हे ज्यानं गल्लीत तो खेळला आहे त्याला सांगावं लागत नाही.

मी माझ्यापुरतं घेतलं असतं तर मियू घेतलं असतं, प्रवासात टेट्रिस खेळायला. भावासाठी अँबर्निक घेतलं. आमच्या गावात दुकानात मिळत नाही, बाहेरून मागवावं लागतं, तेव्हा सीमाशुल्काचा हिशेब आधी करावा. टीव्हीसाठी छोट्या तोंडाची मिनी एचडीएमआय केबल वेगळी आणली आणि टीव्हीच्या मेनूत जाऊन 'गेम मोड' लावला. नाहीतर बटण आणि चित्र यांत अंतर पडतं. मग पुतणीनं बटणांची अदलाबदल केली. उडी उजव्या अंगठ्याकडून काढून डाव्या तर्जनीला दिली. गोळीबाराचं बटण नुसतं दाबून धरलं तरी चालत राहील असं केलं. अशी अदलाबदल दोन्ही यंत्रांत करता येते, आणि हाताला काही अडचण असलेल्यांनी ती जरूर करून बघावी.

पहिल्या संध्याकाळी भावानं सुरुवातीच्या पडद्यावर वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं असं काहीतरी दाबलं आणि मग शेवटची दोन बटणं. तीन जीवांचे तीस जीव झाले. ही खूण काझुहिसा हाशिमोतो या जपानी तंत्रज्ञानं आधी १९८६च्या 'ग्रेडियस' खेळात घातली होती, कारण तपासताना तो खेळ त्यालाच अवघड जात होता. २०२०मध्ये तो वारला. भावाला अजून शेजाऱ्यांची नावं पटकन आठवत नाहीत. ही खूण अंगठ्यानं बिनचूक दाबली.

पण दोन मिनिटांत त्यानं यंत्र खाली ठेवलं. म्हणाला, "जोरात पळतंय." आम्हाला वाटलं, हात चालत नाही म्हणून म्हणतोय. त्याचं म्हणणं खरं होतं. अमेरिका-जपानचे टीव्ही सेकंदाला ६० चित्रांचे, आपले पाल पद्धतीचे ५० चित्रांचे. पाल टीव्हीसाठी बनलेल्या नकली यंत्रांवर खेळही ५०च्या गतीनं चाले, म्हणजे सहावा भाग हळू. रशियात 'डेंडी' नावाची अशीच एक नक्कल गाजली होती, आणि फॅमिकॉमच्या एम्युलेटरांत तिच्या नावाची एक सोय आजही असते. मेनूत जाऊन 'रीजन'च्या समोर 'डेंडी' निवडायचं. पुतणीनं ते निवडलं. गती उतरली, आवाज तसाच राहिला. भावानं यंत्र पुन्हा उचललं.

आता रोज संध्याकाळी वीस मिनिटं, फिजिओथेरपिस्टनं घालून दिलेली वेळ. पहिल्या टप्प्याच्या शेवटी ती भिंत येते ना, तिथपर्यंत तो परवा पोहोचला. दुसरा कंट्रोलर माझ्या हातात असतो. मी अजून त्या फुटणाऱ्या पुलावरच पडतो.