स्थानिक पक्षसमित्या

राजकीय पक्षाच्या रचनेतील वस्ती, गाव, प्रभाग किंवा तालुका या पातळीवरील सभासदांचे मंडळ. सभासदनोंदणी, मतदारयाद्यांची तपासणी, निवडणूकप्रचार व लोकांची गाऱ्हाणी वरपर्यंत पोहोचविणे, ही या समित्यांची नित्याची कामे होत. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने (१९९२) मोठ्या शहरांत आलेल्या प्रभाग समित्या वैधानिक असतात. पक्षसमित्या त्यांहून भिन्न होत.

फ्रेंच राज्यशास्त्रज्ञ मॉरीस द्यूव्हर्जे याने १९५१ मध्ये पक्षांच्या मूलघटकांचे वर्गीकरण करताना निवडक प्रतिष्ठितांचे मंडळ आणि सर्वांना खुली असलेली शाखा यांतील भेद स्पष्ट केला. तत्पूर्वी १९११ मध्ये रोबेर्ट मिखेल्स याने संघटना वाढली, की सत्ता मूठभरांच्या हाती एकवटते, असे प्रतिपादन केले होते. सामान्य सभासदाला समितीत नेमके किती स्थान मिळते, हा प्रश्न या दोन्ही विवेचनांच्या मुळाशी आहे.

भारतात या समित्यांना व्यापक स्वरूप आले, ते काँग्रेसच्या नागपूर अधिवेशनात (१९२०) संमत झालेल्या नव्या घटनेने. चार आणे वार्षिक वर्गणी भरणाऱ्या प्रौढ व्यक्तीस सभासदत्व खुले झाले आणि स्थानिक समित्यांपासून भाषावार प्रांतिक समित्यांपर्यंत उतरंड उभी राहिली. खालच्या समितीने वरच्या समितीवर प्रतिनिधी निवडून पाठवावा, हे तिचे तत्त्व होते. मुंबईत १९ जून १९६६ रोजी स्थापन झालेल्या शिवसेनेने निराळी पद्धत रूढ केली. वस्तीतील शाखा व तिचा शाखाप्रमुख हा तिचा पाया. नळाचे पाणी, शाळाप्रवेश, रुग्णालयातील खाट, शेजाऱ्यांचा तंटा अशा कामांसाठी शाखेचे दार सामान्यांना उघडे असे. मात्र शाखाप्रमुखाची निवड मतदानाने न होता नेमणुकीने होई.

शाखेत सहज प्रवेश मिळणे आणि पक्षाच्या निर्णयात वाटा असणे, यांतील अंतर खारदांड्यासारख्या वस्तीच्या संदर्भात स्पष्ट होते. मुंबई उपनगरातील समुद्रकाठचे हे जुने कोळी गाव. पाटील व जमात, तसेच मच्छीमारांच्या सहकारी संस्था, या कोळीवाड्यांतील पक्षांखेरीजच्या संघटना होत. कोळीवाड्याचे सीमांकन, किनारा नियमन क्षेत्राचे नियम, होड्या लावण्याच्या व मासळी सुकविण्याच्या जागा हे येथील जिव्हाळ्याचे प्रश्न असून त्यांचे निर्णय राज्य व केंद्र शासनांच्या पातळीवर होतात. त्यामुळे स्थानिक समितीचा शब्द पक्षात वरपर्यंत पोहोचतो की नाही, यावर पुष्कळ अवलंबून असते. समितीची बैठक होड्या समुद्रात असताना किंवा कोळणी बाजारात असताना भरली, तर ज्यांच्या उपजीविकेचा प्रश्न आहे तेच गैरहजर राहतात. पावसाळी मासेमारीबंदीच्या काळात पुरुषांची अडचण कमी होते. मार्च २०२२ मध्ये मुंबई महानगरपालिकेची मुदत संपून कारभार प्रशासकाकडे गेला. अशा काळात नगरसेवक नसल्याने पक्षशाखेवरील भार वाढतो.

लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ यात १९८८ मध्ये घातलेल्या कलम २९अ अन्वये पक्षांची नोंदणी होते आणि पक्षाच्या घटनेत अंतर्गत निवडणुकांची तरतूद असावी, अशी निर्वाचन आयोगाची अपेक्षा असते. शिवसेनेतील फुटीसंबंधीच्या १७ फेब्रुवारी २०२३ च्या आदेशात आयोगाने निवडणुकीविना पदाधिकारी नेमण्याच्या प्रथेवर टीका केली. अशा नेमणुका इतर अनेक पक्षांतही होतात.

नेमणुकीच्या पद्धतीत कामाचा निपटारा त्वरित होतो व शिस्त राहते. परंतु समितीचे उत्तरदायित्व वस्तीकडे न राहता वरिष्ठांकडे वळते. पदाधिकारी निवडण्याचा, उमेदवार सुचविण्याचा व पक्षाच्या धोरणास विरोध नोंदविण्याचा अधिकार सभासदाला असेल, तरच स्थानिक समिती सहभागाचे साधन ठरते. अन्यथा ती केवळ गाऱ्हाणी स्वीकारण्याची जागा उरते.