पट काढला, पुढे काय?

पिंजऱ्यातली कुस्ती : लेखांक सहावा

१७ फेब्रुवारी २०२४. कॅलिफोर्नियातल्या अनाहाइम शहरात यूएफसी या एमएमए (मिश्र मार्शल आर्ट्स) संस्थेची लढत चालू होती. एका बाजूला हेन्री सेहुडो. बीजिंग ऑलिंपिकमध्ये ५५ किलो फ्रीस्टाइलचं सुवर्णपदक, तेही वयाच्या एकविसाव्या वर्षी. पुढे यूएफसीच्या दोन वजनगटांत अजिंक्यपद. दुसऱ्या बाजूला जॉर्जियाचा मेराब द्वालिश्विली, ज्याने ऑलिंपिकच्या गादीवर कधी पाऊल ठेवलेलं नाही. लढत रंगात आली असताना मेराबने सेहुडोला उचललं आणि धान्याचं पोतं न्यावं तसं पिंजऱ्याच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला चालत नेलं. मग आपटलं.

सेहुडो तेव्हा ३७ वर्षांचा होता आणि मधली तीन वर्षं निवृत्तीत काढून परतला होता, हे सांगायला हवं. मेराब ३३ चा, ऐन भरातला. पण वय जमेला धरूनही त्या उचलीने एक जुना वाद पुन्हा पेटवला: एमएमएमध्ये सगळ्यात भारी कुस्ती कोणाची?

मागच्या लेखांकात ग्रेसी घराण्याच्या जुजित्सूची बाजू पाहिली. तिथे निदान वाद कशाबद्दल आहे यावर एकमत असतं. कुस्तीच्या बाबतीत तेही नाही. कोणी पदकं मोजतो, कोणी टेकडाउन, म्हणजे समोरच्याला किती वेळा पाडलं ते, मोजतो, कोणी खाली पाडल्यावर किती वेळ दाबून ठेवलं याचं घड्याळ लावतो. तिघांची उत्तरं वेगळी येतात आणि तिघेही एकमेकांना अडाणी ठरवतात.

पदकांचा हिशेब सगळ्यात आधी निकालात काढता येतो. क्यूबाचा योएल रोमेरो १९९९ चा जगज्जेता आणि सिडनी ऑलिंपिकचा रौप्यपदकविजेता. यूएफसीत त्याची ओळख झाली ती उडी मारून हाणलेल्या गुडघ्यासाठी. जुलै २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या रॉबर्ट व्हिटाकरने त्याचे बहुतेक पट वाया घालवले आणि लढत खिशात टाकली. बेन आस्क्रेन अमेरिकी महाविद्यालयीन कुस्तीचा दोन वेळचा विजेता आणि २००८ चा ऑलिंपियन. जुलै २०१९ मध्ये होर्हे मास्विदालसमोर तो नेहमीप्रमाणे पट काढायला वाकला आणि समोरून गुडघा आला. लढत पाच सेकंदांत संपली. आस्क्रेनची कुस्ती खोटी होती असं कोणीच म्हणणार नाही, पण गादीवर वाकणाऱ्याच्या तोंडावर गुडघा येत नाही.

नियम बदलले की कौशल्याची किंमतही बदलते. मातीत पाठ टेकली की कुस्ती निकाली. फ्रीस्टाइलमध्ये पाडल्याचे गुण मिळतात, आणि खालच्याला उलटवता आलं नाही तर पंच थोड्याच वेळात दोघांना उभं करतो. पिंजऱ्यात मात्र पाठीवर पडलेला माणूस हरलेला नसतो. तिथून तो हात मोडू शकतो, गळा आवळू शकतो किंवा जाळीचा आधार घेऊन उठू शकतो. पायात कुस्तीचे बूट नसतात. दहा मिनिटांनंतर दोघांच्या अंगावर इतका घाम असतो की पकडलेला पाय मासळीसारखा निसटतो. शिवाय एक फेरी पाच मिनिटांची, आणि अजिंक्यपदाच्या लढतीत अशा पाच.

अमेरिकेतल्या महाविद्यालयीन कुस्तीचे गडी इथे इतके का चालले, याचं उत्तर याच नियमांत आहे. त्या कुस्तीत नुसतं पाडून भागत नाही. खालच्याला उठू न देता वर टिकून राहण्याचं घड्याळ चालू असतं आणि एका मिनिटाची आघाडी झाली की गुण मिळतो. खालच्यालाही उठून सुटण्याचा गुण असतो. म्हणजे दाबून ठेवणं आणि सुटणं या दोन्हींची तालीम पोरांना शाळेपासून मिळालेली असते.

त्याच मुशीतून आलेल्या मार्क कोलमनने १९९६ मध्ये यूएफसी १० आणि ११ या दोन्ही स्पर्धा जिंकल्या. बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये तो सातवा आला होता. त्याची पद्धत सरळ होती: पाडायचं, वर बसायचं, ठोकायचं. त्या काळी डोक्याने मारायलाही मनाई नव्हती. फेब्रुवारी १९९७ मध्ये डॅन सेव्हर्नला हरवून तो यूएफसीचा पहिला हेवीवेट विजेता झाला आणि आता कुस्तीगिरांना कोण अडवणार, अशी हवा झाली. ती पाच महिन्यांत उतरली. जुलैमध्ये किकबॉक्सर मॉरिस स्मिथने खालून मार चुकवत, वाट बघत त्याला दमवलं आणि मग उभ्याने लाथा घालून लढत जिंकली. पाडलेल्या माणसाला पाडलेलंच ठेवायला जो दम लागतो, तो कोलमनकडे नव्हता.

यानंतर कुस्ती दोन वाटांनी गेली. एका वाटेवर चक लिडेलसारखे गडी, ज्यांनी महाविद्यालयात शिकलेली कुस्ती उलटी वापरली: पट हुकवायचा, उभं राहायचं आणि ठोसे लगावायचे. ही कुस्ती गुणांत दिसत नाही, कारण घडू न दिलेल्या गोष्टीला गुण नसतो. तिचं टोक डिसेंबर २०१९ मध्ये दिसलं. कमारू उस्मान आणि कोल्बी कव्हिंग्टन, दोघेही हाडाचे कुस्तीगीर, अजिंक्यपदासाठी पाचव्या फेरीपर्यंत लढले आणि एकानेही टेकडाउनचा साधा प्रयत्न केला नाही. समोरच्याची कुस्ती आपल्याइतकीच आहे हे दोघांना ठाऊक होतं, मग निकाल मुठींवर सोडला. उस्मानने कव्हिंग्टनला ठोशांनी संपवलं.

दुसऱ्या वाटेवर, ठोशाआड पट लपवणारा, जॉर्ज सेंट-पिएर. हा या वादातला सगळ्यात गमतीचा माणूस, कारण तो मुळात कुस्तीगीर नाहीच. क्वेबेकचा क्योकुशिन कराटेचा पोरगा; कुस्ती शिकला ती मोठेपणी, मॉन्ट्रियलमध्ये कॅनडाच्या राष्ट्रीय दर्जाच्या मल्लांबरोबर सराव करून. ऑगस्ट २००७ मध्ये समोर आला जॉश कोशेक, २००१ चा अमेरिकी महाविद्यालयीन विजेता. सेंट-पिएरने कोशेकला त्याच्याच विद्येत मागे टाकलं.

त्याचा दुहेरी पट नीट पाहिला तर कुस्तीच्या वस्तादाला आधी खटकेल. मल्ल वाकून, हात पुढे करून, समोरच्याची मान किंवा मनगट खेळवत जवळ येतो. सेंट-पिएर कराटेवाल्यासारखा लांब, ताठ उभा. डाव्या हाताचा जॅब समोरच्याच्या नाकावर जातो, तो बचावासाठी हात वर घेतो, कोपरं कमरेपासून सुटतात. जॅब परत येण्याच्या आतच सेंट-पिएर गुडघ्यात वाकून दोन्ही मांड्यांपाशी पोचलेला असतो. कराटेत एका झेपेत अंतर कापायला शिकवतात, तीच झेप. समोरच्याला पट येताना दिसतच नाही. दिसतो फक्त ठोसा. एकदा याची धास्ती बसली की उलटा खेळही जमतो. डिसेंबर २०१० मध्ये कोशेक पुन्हा समोर आला तेव्हा सेंट-पिएरने पाचही फेऱ्या मुख्यतः जॅबवर काढल्या आणि त्याच्या डोळ्याच्या खोबणीचं हाड मोडलं.

यूएफसीत ९० टेकडाउनचा त्याचा विक्रम कित्येक वर्षं टिकला. मात्र नोव्हेंबर २०१३ मध्ये दोन वेळचा महाविद्यालयीन विजेता जॉनी हेन्ड्रिक्स समोर आल्यावर हे गणित बिघडलं. सेंट-पिएर जिंकला, पण पंचांत दुफळी होती आणि तो निकाल आजही अनेकांना पटलेला नाही.

पाडल्यानंतरची कसोटी भारतीय कुस्तीलाही द्यावी लागली आहे. हरियाणातल्या बलालीच्या फोगाट भगिनींपैकी रितू फोगाट २०१९ मध्ये वन चॅम्पियनशिप या दुसऱ्या एमएमए संस्थेत उतरली आणि बहुतेक लढती जिंकत डिसेंबर २०२१ मध्ये महिलांच्या अॅटमवेट ग्रां प्रीच्या अंतिम फेरीत पोचली. समोर थायलंडची स्टॅम्प फेअरटेक्स, म्हणजे मुय थायची खेळाडू. रितूने तिला पाडलं, हे अपेक्षितच होतं. दुसऱ्या फेरीत खालून स्टॅम्पने तिचा हात पकडून ताणला आणि रितूला हार मानावी लागली. पंजाबी कुटुंबातला कॅनडाचा अर्जन भुल्लर मात्र याच संस्थेत २०२१ मध्ये हेवीवेट अजिंक्यपद घेऊन गेला. दिल्लीच्या २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने कुस्तीचं सुवर्णपदक मिळवलं होतं. वरच्या वजनगटात खालून डाव टाकणारे चपळ गडी कमी असतात, याचाही त्याला फायदा झाला असावा.

आता खबीब नुरमागोमेदोव्ह. रशियातल्या दागेस्तानचा, २९ लढती, २९ विजय, ऑक्टोबर २०२० मध्ये निवृत्ती. दागेस्तानची फ्रीस्टाइल जगात पहिल्या रांगेत आहे. दोन ऑलिंपिक सुवर्णपदकं जिंकणारा अब्दुलरशीद सादुलायेव तिथलाच. खबीब त्या पंगतीत कधीच नव्हता. त्याची जागतिक विजेतेपदं कॉम्बॅट सांबोतली, ज्यात जॅकेट घालून पाडणं, ठोसे आणि सांधे पिरगाळणं सगळं एकत्र चालतं. वडील अब्दुलमनाप हेच त्याचे वस्ताद.

त्याची खरी करामत पाडण्यानंतर सुरू होते. गडी पडला की सरकत जाळीला पाठ लावतो, कारण जाळीच्या आधाराने उठता येतं हे आता प्रत्येकाला शिकवलेलं असतं. इतर कुस्तीगीर त्याला जाळीपासून मागे ओढू पाहतात. खबीब त्याला तिथेच बसू देतो. आपल्या पायांनी त्याच्या दोन्ही नडग्या एकत्र वेढून कुलूप लावतो. उठायचं तर आता पाय नाहीत, म्हणून गडी एक हात जमिनीला टेकतो. खबीबचा हात त्याच्या पाठीमागून वळसा घालून नेमकं तेच मनगट धरतो आणि कमरेखाली ओढून घेतो. आता टेकू गेला. खबीबचा दुसरा हात मोकळाच आहे आणि तो मारायला लागतो. ठोसे दिसायला किरकोळ, पण चेहरा झाकावा की मनगट सोडवावं यातलं एकच करता येतं. चेहरा झाकला तर तो आणखी वर चढतो, मनगट सोडवायला वळलं तर पाठ मिळते आणि गळ्याभोवती हात येतो. ऑक्टोबर २०१८ मध्ये कॉनर मॅकग्रेगरचं, तेव्हाच्या सगळ्यात नावाजलेल्या ठोसेबाजाचं, हेच झालं. चौथ्या फेरीत मान पिरगाळली जाताच त्याने हार मानली. निवृत्तीच्या लढतीतला जस्टिन गेथजी तर स्वतः अमेरिकी महाविद्यालयीन कुस्तीतला नावाजलेला गडी. तो दुसऱ्या फेरीतच संपला.

नुसते आकडे पाहिले तर आज मेराबच पुढे आहे. मार्च २०२३ मध्ये पीटर यानवर त्याने ४९ वेळा टेकडाउनचा प्रयत्न केला, ११ जमले. ऑक्टोबर २०२५ मध्ये कोरी सँडहेगनला २५ मिनिटांत २० वेळा पाडलं. सेंट-पिएरचा विक्रम तर त्याने केव्हाच मागे टाकला. पण या आकड्यांत एक मेख आहे: वीस वेळा पाडायचं तर समोरचा एकोणीस वेळा उठावा लागतो. मेराबची कुस्ती म्हणजे दमवण्याची कुस्ती, पाडणं हे तिचं इंधन. डिसेंबर २०२५ मध्ये तोच यान पुन्हा आला. त्याने पोटावर ठोसे मारत मेराबचाच दम काढला आणि त्याच्याकडचा अजिंक्यपदाचा पट्टा घेऊन गेला.

याच्या अगदी उलट खमझात चिमायेव्ह. चेचन्यात जन्मलेला, स्वीडनचा फ्रीस्टाइल राष्ट्रीय विजेता. ऑगस्ट २०२५ मध्ये शिकागोत त्याने द्रिकस द्यू प्लेसीला २५ पैकी २१ मिनिटांहून जास्त वेळ ताब्यात ठेवलं. प्रेक्षक कंटाळले, पण कुस्ती जाणणाऱ्याने बघावं असं त्यात खूप होतं. खबीबशी तुलना करायला मात्र थांबावं लागेल. चिमायेव्ह ताबा ठेवतो, पण त्या ताब्यातून शेवट काढणं त्या रात्री त्याला जमलं नाही.

या लेखमालेचा कौल असा: पट काढण्यात सेंट-पिएर, पाडल्यानंतर खबीब, आणि एकच नाव हवं असेल तर खबीब, कारण पिंजऱ्यात नुसतं पाडल्याने लढत संपत नाही. दोघांची लढत व्हावी अशी मागणी खूप झाली, ती कधी जुळली नाही. सेंट-पिएरच्या बाजूने बोलणाऱ्यांकडे एक पुरावा आहे, आणि तो खबीबच्या चाहत्यांना आवडत नाही. जुलै २०१२, यूएफसी १४८. समोर ब्राझीलचा ग्लेसन तिबाऊ, अंगाने खबीबपेक्षा थोराड आणि कमरेत ताकद. खबीबने तेरा वेळा टेकडाउनचा प्रयत्न केला. एकही जमला नाही. पंचांनी एकमताने विजय खबीबलाच दिला, पण २९ मधली ती एक लढत तिबाऊने जिंकली होती असं मानणारे आजही पुष्कळ आहेत.