डेबिट कार्डावरून पैसे गेले तर बँकेकडून परत कसे मागायचे?



एरवी आपण इथे सिनॉप्सिस, लिटरेचर रिव्ह्यू, डेटा यांवर बोलतो. आजचा विषय वेगळा आहे, पण पीएचडीला येणाऱ्या प्रत्येकाच्या कामाचा आहे. जेआरएफची रक्कम सध्या महिन्याला ३७,००० रुपये आहे आणि ती दर महिन्याला वेळेवर येतेच असं नाही. बऱ्याचदा तीन-चार महिन्यांची एकदम जमा होते. म्हणजे काही दिवस तुमच्या साध्या बचत खात्यात लाखाच्या वर रक्कम असते, आणि त्याच खात्याचं कार्ड तुम्ही मेसपासून झेरॉक्सच्या दुकानापर्यंत सगळीकडे वापरत असता. नेमकं तेव्हाच कोणी खात्यावर हात मारला, तर खोलीभाडं, मेस आणि फी सगळंच अडकतं.

अशा वेळी सगळे विचारतात, "चोर सापडेल का?" पैसे परत मिळण्यासाठी मात्र दुसरे दोन प्रश्न जास्त महत्त्वाचे आहेत. चूक कोणाची होती? आणि तुम्ही बँकेला कधी कळवलं? पहिल्याचं उत्तर तुमच्या हातात नसतं. दुसऱ्याचं पूर्णपणे असतं.

नियम काय सांगतो?

२०१६ मध्ये एटीएम सेवा पुरवणाऱ्या एका कंपनीच्या यंत्रणेत घातक सॉफ्टवेअर शिरलं होतं. देशातल्या सुमारे ३२ लाख डेबिट कार्डांची माहिती धोक्यात आली आणि बँकांना कार्डं बंद करून बदलून द्यावी लागली. यात खातेदारांनी काय केलं होतं? नेहमीसारखं कार्ड वापरलं, एवढंच.

पुढच्या वर्षी, ६ जुलै २०१७ ला, रिझर्व्ह बँकेने अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहारांत ग्राहकाची जबाबदारी किती, हे ठरवणारं परिपत्रक काढलं. सहकारी बँकांसाठी तसंच परिपत्रक १४ डिसेंबर २०१७ ला आलं. म्हणजे तुमचं खातं गावाकडच्या सहकारी बँकेत असलं तरी हे तत्त्व लागू आहे. त्यात तीन परिस्थिती येतात.

१. चूक बँकेची. बँकेचा निष्काळजीपणा किंवा सेवेतली त्रुटी असेल, तर तुमची जबाबदारी शून्य. इथे तुम्ही कळवलं की नाही यालाही महत्त्व नाही.

२. चूक ना बँकेची ना तुमची, मधल्या यंत्रणेतली. वरचं २०१६ चं उदाहरण असंच. इथे बँकेचा मेसेज मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर जबाबदारी शून्य. चार ते सात दिवसांत कळवलं, तर साध्या बचत खात्यासाठी प्रत्येक व्यवहारामागे जास्तीत जास्त १०,००० रुपये तुमच्या माथी (मूलभूत बचत खात्यासाठी ५,०००). व्यवहार त्याहून लहान असेल तर तेवढीच रक्कम. सात दिवसांनंतर बँकेच्या संचालक मंडळाने ठरवलेलं धोरण लागू होतं.

३. चूक तुमची. म्हणजे ओटीपी किंवा पिन तुम्ही कोणाला सांगितला. बँकेला कळवेपर्यंतचं पूर्ण नुकसान तुमचं. पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं! त्यामुळे "आता ओटीपी तर दिलाच, तक्रार करून काय उपयोग" असं म्हणून गप्प बसू नका. चोर बहुतेकदा एका व्यवहारावर थांबत नाही.

दिवस कसे मोजायचे?

इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. मेसेज आला तो दिवस धरायचा नाही, आणि तुमच्या मूळ शाखेचे कामकाजाचे दिवसच मोजायचे. समजा शुक्रवारी रात्री मेसेज आला आणि दुसऱ्या दिवशी महिन्याचा दुसरा शनिवार आहे. शनिवार-रविवार बँक बंद. मग सोमवार पहिला, मंगळवार दुसरा, बुधवार तिसरा दिवस. अर्थात, मुदत आहे म्हणून बुधवारची वाट बघायची नसते.

घड्याळ मेसेजपासून सुरू होतं, म्हणून तो मेसेज तुमच्यापर्यंत पोहोचणं महत्त्वाचं. पीएचडीसाठी शहर बदलल्यावर अनेक जण नंबर बदलतात आणि बँकेत मात्र वडिलांचा किंवा जुनाच नंबर राहतो.

सिद्ध कोणी करायचं?

हा भाग संशोधन करणाऱ्याला लगेच कळेल. आपण नल हायपोथिसिस घेऊन सुरुवात करतो आणि ती नाकारायची तर पुरावा दाखवावा लागतो. इथेही साधारण तसंच आहे. परिपत्रकाप्रमाणे, ग्राहकाची जबाबदारी होती हे सिद्ध करण्याचा भार बँकेवर आहे. काउंटरवर कोणी "तुम्हीच ओटीपी दिला असणार" म्हणालं, तर ते फक्त विधान झालं. "कशावरून?" हे लेखी विचारायचा तुम्हाला अधिकार आहे.

हे कागदावरच राहत नाही. गुवाहाटी उच्च न्यायालयापर्यंत गेलेल्या एका प्रकरणात खातेदाराचे ९४ हजारांहून जास्त रुपये गेले होते. त्याने ओटीपी आणि पिन दिला, असं स्टेट बँकेचं म्हणणं होतं. खातेदाराने २४ तासांच्या आत कळवलं होतं. न्यायालयाने बँकेला रक्कम द्यायला सांगितलं आणि जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला.

मग नेमकं काय करायचं?

आधी कार्ड ब्लॉक करा, बँकेच्या ॲपवरून किंवा चोवीस तास चालणाऱ्या हेल्पलाइनवरून. तक्रार क्रमांक मागा आणि वेळेसकट लिहून ठेवा.

मग १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर फोन करा किंवा केंद्राच्या सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. पैसे ज्या खात्यात गेले तिथून ते पुढे जाण्याआधी थांबवता यावेत, यासाठी ही व्यवस्था आहे. इथे दिवसांचा नाही, मिनिटांचा हिशेब असतो.

त्यानंतर बँकेला ईमेल करा. फोन पुरेसा वाटतो, पण वादाच्या वेळी लेखी नोंदच कामी येते. मजकूर साधा ठेवा:

"माझ्या बचत खात्यातून (शेवटचे चार अंक …) दि. … रोजी … वाजता … रुपयांचा व्यवहार झाला. तो मी केलेला नाही व त्यास माझी संमती नव्हती. त्या वेळी कार्ड माझ्याजवळ होते. आपला एसएमएस मला … वाजता मिळाला. मी हेल्पलाइनवर … वाजता कळवले, तक्रार क्र. …. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार रक्कम खात्यात जमा करावी, ही विनंती."

पत्रात खरं असेल तेवढंच लिहा. ओटीपी दिला असेल तर "दिला नाही" असं लिहू नका. एक खोटं वाक्य सापडलं की बाकीच्या खऱ्या वाक्यांवरही कोणी विश्वास ठेवत नाही. मेसेजचे स्क्रीनशॉट, त्या दिवसाचं स्टेटमेंट, आणि तुम्ही दुसरीकडे होता याचा काही पुरावा (लॅबची हजेरी, रेल्वेचं तिकीट) सोबत जोडा. पोलिसांच्या कागदासाठी ईमेल अडवून ठेवू नका, तो नंतर पाठवता येतो.

पुढे बँकेने काय करायला हवं?

तुम्ही कळवल्यापासून १० कामकाजाच्या दिवसांत बँकेने रक्कम खात्यात तात्पुरती जमा दाखवायची असते, तीही व्यवहाराच्या तारखेपासून, म्हणजे व्याज बुडत नाही. हा अंतिम निकाल नव्हे. तक्रारीचा निकाल ९० दिवसांत लागायला हवा. तेवढ्यात बँकेला जबाबदारी ठरवता आली नाही, तर परिपत्रकात ठरवलेली भरपाई तिने द्यायची असते.

३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. त्याला शुल्क नाही, वकीलही लागत नाही. तिथे विचारतात ते हेच: केव्हा कळलं, केव्हा कळवलं, बँक काय म्हणाली. तुमच्याकडे तारीखवार फाइल असेल तर अर्धं काम झालेलं असतं. लॅब नोटबुकसारखंच आहे हे. रीडिंग घेतलं त्याच वेळी लिहायचं, महिन्याने आठवून नाही.

हे वाचून झालं की तीन गोष्टी आजच उरका. बँकेत नोंदवलेला मोबाईल नंबर तपासा. ॲपमध्ये जाऊन कार्डाचे परदेशी व्यवहार बंद आहेत का बघा आणि रोजची मर्यादा खाली आणा. आणि बँकेची हेल्पलाइन व १९३० हे दोन्ही नंबर फोनमध्ये सेव्ह करा, शिवाय एका कागदावरही लिहून ठेवा, कारण कधी कधी फोन आणि कार्ड एकाच पाकिटातून जातात.