बोलपटाच्या प्रारंभकाळातील दोन अपेक्षाभंग : ‘सैरंध्री’ आणि ‘धर्मात्मा’

मराठी चित्रपटाच्या इतिहासलेखनात यशस्वी कृतींची नोंद जितकी साक्षेपाने झाली आहे, तितकी अयशस्वी कृतींची झालेली नाही. हे स्वाभाविक आहे. परंतु कलेच्या व्यवहाराचा अभ्यास करणाऱ्यास त्याने समाधान मानून चालत नाही. जी कृती मुळातच सामान्य होती आणि सामान्य म्हणूनच विस्मृतीत गेली, तिच्यापासून फारसे काही शिकण्यासारखे नसते. ज्या कृतीची लोकांनी उत्कंठेने वाट पाहिली, जिच्यामागे कर्तबगार माणसांचे हात होते, आणि तरीही जी पाहून प्रेक्षक विरस पावून घरी परतला, अशा कृतीची चिकित्सा मात्र उद्बोधक ठरते. प्रभात फिल्म कंपनीच्या इतिहासात दोनच वर्षांच्या अंतराने अशा दोन घटना घडल्या. १९३३ चा ‘सैरंध्री’ आणि १९३५ चा ‘धर्मात्मा’ हे ते दोन चित्रपट होत. दोहोंचे दिग्दर्शक व्ही. शांताराम, परंतु अपेक्षाभंगाची कारणे सर्वस्वी भिन्न.

प्रभातची स्थापना कोल्हापुरात १ जून १९२९ रोजी झाली. शांताराम, विष्णुपंत दामले, साहेबमामा फत्तेलाल, केशवराव धायबर आणि सराफीचा व्यवसाय करणारे सीतारामपंत कुलकर्णी या पाच भागीदारांपैकी पहिले चौघे बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत तयार झालेले होते. ६ फेब्रुवारी १९३२ रोजी गिरगावातील मॅजेस्टिक चित्रगृहात ‘अयोध्येचा राजा’ झळकला आणि मराठी पडदा बोलू लागला. त्यानंतर ‘मायामच्छिंद्र’ आणि ‘सिंहगड’ आले. अवघ्या दोन वर्षांत कंपनीच्या बोधचिन्हातील तुतारीवालीकडे प्रेक्षक भरवशाने पाहू लागला होता. अशा वेळी कंपनीने रंगीत चित्रपट काढण्याचे जाहीर केले.

विषयाची निवडही उत्कंठा वाढविणारीच होती. सैरंध्री-कीचकाची कथा महाराष्ट्राला केवळ महाभारतातील एक उपाख्यान म्हणून परिचित नव्हती. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ नाटकाने १९०७ साली तिला राजकीय अर्थ प्राप्त करून दिला होता आणि सरकारने १९१० साली त्या नाटकावर बंदी घातली होती. पुढे १९२० साली बाबूराव पेंटरांनी याच कथेवर मूकपट काढून लोकमान्य टिळकांकडून प्रशंसा मिळविली होती. म्हणजे प्रेक्षकाच्या मनात एक नाटक आणि एक मूकपट आधीच वसत होता. त्यांत आता वाणी आणि रंग यांची भर पडणार होती. अपेक्षा किती उंचावल्या असतील, हे निराळे सांगावयास नको.

रंगाचे काम त्या काळी कसे चालत असे, हे समजून घेतल्याखेरीज पुढील निराशेचा उलगडा होणार नाही. युरोपात त्या वेळी ‘बायपॅक’ या नावाची द्विरंगी पद्धती प्रचलित होती. तीत कॅमेऱ्यामध्ये दोन फिती एकमेकींना चिकटून, त्यांचे संवेदनशील लेप समोरासमोर येतील अशा रीतीने, एकाच वेळी सरकत. पुढील फीत निळा-हिरवा प्रकाश ग्रहण करी. तिच्या लेपावरील तांबूस थर गाळणीचे कार्य करून उरलेला तांबडा प्रकाश मागील फितीवर पोहोचवी. अशा रीतीने एकाच दृश्याच्या दोन प्रतिकृती मिळत. मग दोन्ही अंगांस लेप असलेल्या फितीवर त्या छापीत. एका अंगास निळी आणि दुसऱ्या अंगास नारिंगी-तांबडी छटा देत. पडद्यावर या दोन छटांच्या मिश्रणातून रंगीत चित्राचा भास उत्पन्न होई.

भास म्हणण्याचे कारण असे की, दोन रंगांच्या मिश्रणातून निसर्गातील सर्व रंग निर्माण होऊ शकत नाहीत. चेहऱ्याची कांती, वीट, माती, काही वस्त्रे ही बऱ्यापैकी उतरत. परंतु शुद्ध पिवळा, जांभळा, झाडांचा जिवंत हिरवा आणि निरभ्र आकाशाचा निळा हे रंग या पद्धतीच्या आवाक्याबाहेर होते. आता विराटाच्या राजसभेचे चित्र डोळ्यांपुढे आणावे. पितांबर, शालू, सुवर्णालंकार, उद्याने! भारतीय पौराणिक दृश्यात ज्या रंगांवाचून चालत नाही, नेमके तेच रंग या पद्धतीला दुष्कर होते. शिवाय मागील फितीपर्यंत जाणारा प्रकाश पुढील फितीतून गाळून जात असल्यामुळे मागील प्रतिमा किंचित मऊ येई आणि प्रकाशयोजना नेहमीपेक्षा पुष्कळ प्रखर ठेवावी लागे.

याहून मोठी अडचण अंतराची होती. फितीवरील रासायनिक प्रक्रिया आणि छपाई करण्याची सोय हिंदुस्थानात नव्हती. त्यासाठी शांताराम जर्मनीस गेले. चित्रीकरण कोल्हापुरात आणि रंगाचा निकाल जर्मनीत, अशी ही विभागणी होती. आज घेतलेले दृश्य उद्या पाहून परवा चूक सुधारावी, हा जो दिग्दर्शकाचा आणि छायालेखकाचा नित्याचा आधार, तोच येथे नाहीसा झाला. पडद्यावर उमटलेले रंग भडक आणि अस्वाभाविक निघाले. रंग पाहण्यासाठीच आलेल्या प्रेक्षकाला रंगानेच निराश केले.

येथे प्रेक्षकाची बाजूही विचारात घ्यावयास हवी. मुंबईतील चित्रगृहांचा प्रेक्षकवर्ग केवळ गिरगाव-दादरचा नव्हता. विरारपासून मुंबईच्या बॅकबेपर्यंत १८६७ सालीच रेल्वेगाडी सुरू झाली होती. त्या काळी ठाणे जिल्ह्यात आणि २०१४ पासून पालघर जिल्ह्यात असलेल्या वसई-विरारच्या टापूला त्या गाडीने शहराच्या करमणुकीचे दार उघडून दिले होते. मात्र बोरिवलीच्या पलीकडे विजेची गाडी १९३६ साली पोहोचली. म्हणजे ‘सैरंध्री’च्या वेळी वसईहून वा विरारहून निघणाऱ्या रसिकास वाफेच्या गाडीने येऊन, चर्नी रोडसारख्या स्थानकावर उतरून चित्रगृह गाठावे लागे, आणि परतीची गाडी तरी सांभाळावी लागे किंवा नातलगाकडे पथारी तरी टाकावी लागे. अशा माणसाच्या लेखी चित्रपटाची किंमत तिकिटापुरती नसते. गाडीभाडे, बुडालेली मजुरी आणि गावी परतल्यावर शेजाऱ्यापाजाऱ्यांना द्यावा लागणारा वृत्तान्त, ही सर्व त्या किमतीत मिळविली पाहिजेत. जाहिरातीने दिलेले वचन मोडते तेव्हा दूरच्या प्रेक्षकाला अधिक लागते, ते यामुळेच.

‘सैरंध्री’चा दोष शांतारामांच्या कर्तृत्वाचा होता असे म्हणता येणार नाही. हॉलिवूडमध्येही १९२९-३० च्या सुमारास द्विरंगी चित्रपटांची लाट आली आणि प्रेक्षक कंटाळल्यामुळे लवकरच ओसरली. तीन रंगांची सुधारलेली टेक्निकलर पद्धती १९३२ साली एका छोट्या व्यंगपटात प्रथम आली आणि पूर्ण लांबीच्या कथापटात यावयास १९३५ साल उजाडले. म्हणजे प्रभातने ज्या तंत्रावर भिस्त ठेवली, ते जगभर मावळतीला लागलेले होते. पुढे १९३७ साली अर्देशीर इराणी यांनी ‘किसान कन्या’ हा चित्रपट भारतातच प्रक्रिया करून रंगीत काढला, पण त्यालाही द्विरंगी पद्धतीच्या मर्यादा होत्या आणि तोही फारसा चालला नाही. १९५३ च्या ‘झाँसी की रानी’चे उदाहरण तर याहून बोलके आहे. सोहराब मोदींनी टेक्निकलरमध्ये काढलेला हा भारतातील पहिला चित्रपट. ‘गॉन विथ द विंड’चे छायालेखक अर्नेस्ट हॅलर त्यासाठी बोलाविले होते. रंग उत्तम होते, खर्च प्रचंड होता, तरीही चित्रपट कोसळला. याच्या उलट १९५२ सालचा मेहबूब खानांचा ‘आन’ सोळा मिलिमीटरच्या फितीवर घेऊन मग मोठा केलेला होता, आणि तो अफाट चालला. यावरून असे दिसते की, वाईट रंग चित्रपटाला मारू शकतो. चांगला रंग त्याला तारतोच असे नाही.

जर्मनीची ती फेरी मात्र व्यर्थ गेली नाही. तेथील चित्रपटांतील छायाप्रकाशाची मांडणी शांतारामांनी डोळसपणे पाहिली होती. कंपनी पुण्यास आल्यानंतरच्या पहिल्या चित्रपटात, १९३४ च्या ‘अमृतमंथन’मध्ये, चंद्रमोहन यांच्या डोळ्याचे जे समीपदृश्य आहे, त्यात त्या अभ्यासाची फलश्रुती दिसते. रंगाकडे शांताराम वळले ते थेट १९५५ साली, ‘झनक झनक पायल बाजे’च्या वेळी. मधल्या बावीस वर्षांत त्यांनी रंगाला हात लावला नाही, ही गोष्ट पुरेशी सूचक आहे.

‘धर्मात्मा’चे प्रकरण याहून नाजूक आहे, कारण तेथे प्रश्न यंत्राचा नव्हता, माणसाचा होता.

नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, हे मराठी रंगभूमीचे एका पिढीपुरते दैवतच होते. १९११ च्या ‘मानापमान’मधील भामिनी, १९१६ च्या ‘स्वयंवर’मधील रुक्मिणी, १९१९ च्या ‘एकच प्याला’मधील सिंधू या भूमिकांनी महाराष्ट्रातील स्त्रियांच्या वेषभूषेवरही प्रभाव टाकला. गंधर्व नाटक मंडळी १९१३ साली स्थापन झाली. तिचा खर्चाचा हात पहिल्यापासून सैल होता. १९२० च्या ‘द्रौपदी’साठी उभारलेल्या मयसभेचा थाट प्रसिद्ध आहे, आणि त्या थाटामागून आलेले कर्जही. बोलपट आल्यावर नाटक मंडळ्या एकामागून एक मोडू लागल्या. अशा परिस्थितीत प्रभात आणि बालगंधर्व एकत्र येत आहेत ही वार्ता पसरली, तेव्हा तिच्यात दोन पिढ्यांच्या आशा गुंतल्या. जुन्या रसिकांस वाटले, आपले दैवत वाचले. नव्यांस वाटले, जे वडिलांकडून ऐकले ते आता पाहावयास मिळेल.

विषय होता पैठणच्या एकनाथांचा. अस्पृश्य मानलेल्यांच्या घरी जेवणारा हा सोळाव्या शतकातील संत १९३५ साली अत्यंत समकालीन होता. पुणे करार १९३२ सालचा, गांधीजींचा हरिजन दौरा १९३३-३४ चा, आणि डॉ. आंबेडकरांची येवल्याची घोषणा खुद्द १९३५ च्या ऑक्टोबरातली. चित्रपटाचे मूळ नाव ‘महात्मा’ होते. गांधीजींचे स्मरण करून देणाऱ्या त्या नावास सेन्सॉरने हरकत घेतली आणि नाव ‘धर्मात्मा’ झाले. संगीत मास्टर कृष्णरावांचे. के. नारायण काळे यांच्यासारखा नव्या नाट्यविचाराचा माणूस या उद्योगात होता. चंद्रमोहन विरोधी महंताच्या भूमिकेत होते. सामग्रीत उणीव कोठेच नव्हती.

तरीही विरस झाला. त्याचे मूळ भूमिकेच्या निवडीत आहे, आणि गंमत अशी की ती निवड चुकीची होती असेही म्हणवत नाही. कॅमेरा चेहऱ्याच्या अगदी जवळ जातो. नाट्यगृहात दहाव्या रांगेतून जी रुक्मिणी दिसे, ती दिव्यांच्या, अंतराच्या आणि प्रेक्षकाच्या श्रद्धेच्या साह्याने दिसे. शेचाळीस-सत्तेचाळीस वर्षांच्या पुरुषास समीपदृश्यात नायिका म्हणून दाखविणे शांतारामांसारख्या दिग्दर्शकास अशक्यच होते. शिवाय ‘अयोध्येचा राजा’मध्ये दुर्गा खोटे यांनी तारामती साकारल्यापासून आणि १९३३ साली ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकात ज्योत्स्ना भोळे व पद्मावती वर्तक रंगमंचावर आल्यापासून स्त्रीभूमिका स्त्रियांनीच कराव्यात हा संकेत रूढ होऊ लागला होता. म्हणून बालगंधर्वांना पुरुषभूमिका दिली गेली. परंतु प्रेक्षक ज्यांना पाहावयास आला होता ते बालगंधर्व स्त्रीवेषातच वसत होते. पडद्यावर जो एकनाथ दिसला, तो एक सौम्य, सात्त्विक, काहीसा अवघडलेला गृहस्थ होता. गंधर्व त्यात कोठे आहेत, हे प्रेक्षक शोधीत राहिला.

गाण्याचेही तसेच झाले. रंगभूमीवर त्यांचे पद ‘वन्स मोअर’बरोबर वाढत जाई. श्रोत्यांची दाद ही त्या गायनाची अर्धी सामग्री होती. चित्रपटाचे एक हजार फुटांचे रीळ अकरा मिनिटांत संपते, आणि त्यात कथा, संवाद, गाणे सर्व बसवावे लागते. समोर दाद देणारा कोणी नाही, उलट चित्रीकरण चालू असताना शांतता राखण्याची आज्ञा! ज्या कलावंताचे गाणे श्रोत्यांच्या साक्षीने फुलत असे, त्याला हे वातावरण मानवले नाही. प्रभातशी झालेला सहयोग त्या एका चित्रपटानंतर संपुष्टात आला.

दुसरा मार्गही चोखाळून पाहण्यात आला. १९३७ साली ‘साध्वी मीराबाई’ या चित्रपटात बालगंधर्व स्त्रीभूमिकेतच पडद्यावर आले. चित्रपटाचा आधार त्यांचे ‘अमृतसिद्धी’ हे नाटक. येथे प्रेक्षकाला हवे ते रूप दिले होते, हवे ते गाणे दिले होते, आणि तरीही चित्रपट पडला. जे समीपदृश्याच्या भयाने शांतारामांनी टाळले होते, तेच येथे खरे ठरले. या दोन प्रयोगांचा एकत्र विचार केला म्हणजे पेच स्पष्ट होतो. पुरुषवेषात बालगंधर्व हरवत होते आणि स्त्रीवेषात चित्रपट हरवत होता. तिसरा मार्ग नव्हता.

‘धर्मात्मा’ची उपेक्षा मात्र अन्यायाची वाटते. अस्पृश्यतेच्या प्रश्नावर इतक्या सरळपणे बोलणारा मराठी चित्रपट त्या दशकात काढणे हे धाडसच होते. त्याचे परीक्षण एकनाथांच्या संदर्भात व्हावयास हवे होते; ते रुक्मिणीच्या आणि सिंधूच्या संदर्भात झाले.

प्रभातमध्ये पुढच्याच वर्षी जे घडले, ते याच संदर्भात पाहण्यासारखे आहे. १९३६ साली दामले-फत्तेलाल यांनी पुन्हा एक संतचरित्र घेतले. नायक म्हणून निवडले विष्णुपंत पागनीस, तेही एके काळी रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणारे नट! परंतु त्यांच्या नावाभोवती बालगंधर्वांसारखे वलय नव्हते. ते पडद्यावर आले तेव्हा पागनीसांना शोधावयास कोणी गेले नाही. लोकांनी तुकारामच पाहिला. ‘संत तुकाराम’ मुंबईच्या सेंट्रल चित्रगृहात वर्षाहून अधिक काळ चालला आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला.

बालगंधर्व रंगभूमीकडे परतले. १९३८ च्या सुमारास गोहरबाई कर्नाटकी त्यांच्या मंडळीत आल्या. संगीत नाटक अकादमीचा सन्मान त्यांना १९५५ साली आणि ‘पद्मभूषण’ १९६४ साली मिळाले. प्रभातचा कारभार त्यापूर्वीच, १९५३ साली, आटोपला होता, आणि पुण्यातील तिच्या आवारात १९६० साली सरकारची चित्रपटशिक्षण संस्था सुरू झाली होती.